माईआत्याची 'जर्मन' बाहुली



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी गुडघ्याचं दुखणं, मग नातीची परीक्षा, मग पाऊस... कारणं काय, हवी तेवढी सापडतात. पण गेले चार-सहा महिने एका बाहुलीने माझ्या डोक्यात घर केलंय. ते सगळं लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही. आमच्या घरच्यांपैकी जे कोणी हे वाचतील त्यांना एकच विनंती. शेवटपर्यंत वाचा, मधेच फोन करू नका. :)

बाहुली माईआत्याची. घरच्यांना ती माहीत आहेच, इतरांसाठी सांगते. वीतभरसुद्धा नाही, जेमतेम चार इंच उंच. चिनी मातीची. हात खांद्यापाशी रबराने ओवलेले, पाय अंगालाच जोडलेले, पायांत रंगवलेले काळे बूट. केस मातीतच घडवलेले आणि त्यावर मातीचाच लाल बो. अंगात निळ्या लोकरीचा विणलेला झगा. आणि डोळे! ते सरळ बघतच नाहीत. दोन्ही बुबुळं उजव्या कोपऱ्यात. तुम्ही समोर उभे राहा, ती तुमच्या खांद्यावरून पलीकडे काहीतरी बघत असते. आम्ही भावंडं तिला 'चकणी' म्हणायचो. माईआत्या रागवायची. "चकणी नाही गं ती. तिला तिकडे काहीतरी दिसतंय," म्हणायची.

घरात चालत आलेली गोष्ट अशी. माईआत्या आठ वर्षांची असताना, म्हणजे १९२४च्या सुमारास, आजोबा काही कामाने वाईहून मुंबईला गेले आणि येताना लेकीसाठी 'अस्सल जर्मन' बाहुली घेऊन आले. पंधराव्या वर्षी आत्याचं लग्न झालं, तेव्हा बाहुली सासरी गेली. एकोणिसाव्या वर्षी आत्या विधवा होऊन माहेरी परत आली, तेव्हा बाहुलीही परत आली. मग आजोबांनी लोकांचं बोलणं ऐकून घेऊन तिला हिंगण्याला, अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमात, शिकायला ठेवलं. १९३८ साली आजोबा गेले. आत्या पुढे प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली आणि शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिली. बाहुली तिच्या हिरव्या पत्र्याच्या पेटीत असायची. वर्षातून एकदा, दिवाळीच्या पाडव्याला, बाहेर यायची. आम्ही मुलींनी ती हातात घ्यायची, एकदा इकडून तिकडे फिरवायची आणि परत द्यायची. खेळायचं मुळीच नाही.

१९८९ साली आत्या गेली आणि पेटीतली बाहुली माझ्याकडे आली. तीस वर्षं ती माझ्या काचेच्या कपाटात होती. त्या तीस वर्षांत मी शाळेत इतिहास शिकवला, निवृत्त झाले, नातवंडं मोठी झाली, पण त्या बाहुलीकडे इतिहास म्हणून बघायचं काही मला सुचलं नाही.

ते सुचलं २०१९ साली, जर्मनीत. लेक न्युरेंबर्गला असते. तिच्याकडे गेले होते. एका रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात एका आजीबाईंच्या टेबलावर दहा-बारा लहान बाहुल्या मांडलेल्या होत्या आणि त्यातल्या चार तिरक्या बघत होत्या. मी जागच्या जागी थांबले. मोबाईलवर आमच्या बाहुलीचा फोटो होता, तो त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो बराच वेळ न्याहाळला आणि लेकीला जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. लेक म्हणाली, "आई, त्या म्हणतात, चेहऱ्यावर जाऊ नका. पाठ बघा."

पाठ कशी बघणार? आत्याने तो लोकरी झगा बाहुलीच्या अंगावरच शिवून टाकला होता. मान, बगला, पाठ, सगळीकडे बारीक टाके. झगा निघतच नव्हता.

पण त्या आजीबाईंमुळे मला एक नवा नाद लागला. पुढच्याच आठवड्यात लेकीने मला झोनेबेर्गला नेलं. थुरिंगिया प्रांतातलं हे लहानसं गाव. न्युरेंबर्गहून दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधी जगात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा या गावातून आणि आसपासच्या खेड्यांतून जात होता, असं सांगतात. तिथे १९०१ साली सुरू झालेलं खेळण्यांचं संग्रहालय आहे. १९१०च्या ब्रुसेल्स प्रदर्शनासाठी तिथल्या कारागिरांनी बनवलेला जत्रेचा एक अख्खा देखावा त्यात आहे. बाहुल्यांची एवढी मोठी जत्रा बघून मला आमच्या वाईच्या कृष्णाबाईच्या उत्सवाची आठवण झाली.

परत आल्यावर कोविड आला आणि घरात बसून वाचायला वेळच वेळ मिळाला. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं. इंग्रजी पुस्तक म्हणजे एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात शब्दकोश. नातीने खूप मदत केली. त्यातून जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

संग्राहक मंडळी या तिरक्या डोळ्यांच्या बाहुल्यांना 'गुगली' म्हणतात. गुगली म्हटलं की आमच्या पिढीला सुभाष गुप्ते आठवणार आणि नातीच्या पिढीला ते इंटरनेटवरचं गुगल. इथे दोन्ही नाहीत. अमेरिकेत १९१९ साली बिली डिबेक नावाच्या व्यंगचित्रकाराने वर्तमानपत्रात 'बार्नी गुगल' नावाचं टपोऱ्या डोळ्यांचं एक पात्र आणलं. १९२३ साली त्याच्या डोळ्यांवर एक गाणं आलं आणि ते घरोघरी पोचलं. बाहुल्या मात्र त्याच्या आधीच्या. त्या नव्या होत्या तेव्हा जाहिरातींत त्यांचं वर्णन 'खट्याळ डोळ्यांच्या' असं असायचं. गुगली हे नाव त्यांना मागाहून चिकटलं.

आता मूळ प्रश्न. बाहुलीने तिरकं का बघावं?

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच आणि जर्मन बाहुल्या पाहिल्यात तर सगळ्या कशा सरळ समोर बघतात. मोठाले डोळे, मिटलेले ओठ, रेशमी झगा. पाहुण्यांसमोर 'नीट बस' म्हणून दटावलेल्या मुलीसारख्या. १९०८-०९च्या सुमारास म्युनिकच्या काही कलावंतांनी आणि मग केमर आणि राइनहार्ट या कारखान्याने खऱ्याखुऱ्या मुलांसारखे चेहरे घडवायला सुरुवात केली. रुसलेलं मूल, रडवेलं मूल, विचारात पडलेलं मूल. त्याच वेळी अमेरिकेत दोन बायका चित्रं काढत होत्या आणि त्यांच्या चित्रांतली मुलं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती.

पहिली ग्रेस ड्रेटन, तेव्हाचं आडनाव वीडरसाइम. १९०४ साली तिने कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातींसाठी गुबगुबीत गालांची, गोल डोळ्यांची मुलं काढली. ती इतकी गाजली की १९१० साली हॉर्समन या कंपनीने त्यांच्या बाहुल्याच काढल्या.

दुसरी रोझ ओनील. तिची गोष्ट मला फार आवडली. जन्म १८७४चा. तेरा-चौदाव्या वर्षी वर्तमानपत्राच्या चित्रस्पर्धेत बक्षीस मिळवलं आणि पुढे चित्रं काढून सगळ्या घरादाराला पोसलं. १९०९च्या डिसेंबरमध्ये एका बायकांच्या मासिकात तिची 'क्यूपी' मुलं पहिल्यांदा छापली गेली. क्यूपी म्हणजे क्युपिडचं लाडकं रूप. डोक्यावर केसांचा एक तुरा, मानेमागे इवलेसे निळे पंख, कलिंगडाच्या फोडीसारखं हसू आणि तिरकी नजर. १९१३ साली क्यूपी बाहुलीचं पेटंट मिळालं आणि जर्मनीतल्या केस्टनर कारखान्याने त्या चिनी मातीत करायला घेतल्या. बाहुल्या कशा होताहेत हे बघायला रोझ आणि तिची बहीण कॅलिस्टा स्वतः जर्मनीला गेल्या होत्या. मागणी एवढी वाढली की एक कारखाना पुरेना. याच क्यूपींना रोझने बायकांच्या मताधिकाराच्या पत्रकांवरही आणलं. अमेरिकेतल्या बायकांना तो हक्क १९२० साली मिळाला. रोझची दोन लग्नं झाली, दोन्ही मोडली. पैसा खूप मिळवला आणि तितक्याच सढळ हाताने वाटून टाकला. १९४४ साली ती गेली तेव्हा हाती फारसं काही उरलं नव्हतं.

या दोघींच्या चित्रांचा खप पाहून थुरिंगियातल्या सगळ्याच कारखान्यांनी खट्याळ डोळ्यांच्या बाहुल्या काढल्या. केस्टनर, आर्मांड मार्सेय, हॉयबाख बंधू, हेर्टेल-श्वाब. नाव फ्रेंच वाटलं तरी आर्मांड मार्सेय जन्मला रशियात आणि त्याचा कारखाना झोनेबेर्गच्या शेजारी क्योपेल्सडोर्फला. साधारण १९११ ते १९१४ ही या बाहुल्यांची पहिली बहराची वर्षं.

काम कसं चालायचं तेही सांगते, कारण ओळख पटवायला ते लागतं. चिनी मातीचं पातळ पीठ प्लास्टरच्या साच्यात ओतायचं. कडेला थर धरला की उरलेलं ओतून द्यायचं. डोकं आतून पोकळ राहतं. मग भट्टी. चकाकी न देता भाजलेल्या या मातीला 'बिस्क' म्हणतात. हाताला ती अंड्याच्या कवचासारखी लागते. मग गाल, ओठ, भुवया रंगवून पुन्हा भट्टीत घालायचं, म्हणजे रंग पक्का बसतो. स्वस्तातल्या बाहुलीचे डोळे नुसते रंगवायचे. महागातलीला काचेचे डोळे. ते डोळे शेजारच्या लाउशा गावातून यायचे. तिथला एक कारागीर, लुडविग म्युलर-उरी, आधी बाहुल्यांचे डोळे करायचा. १८३५ साली त्याने माणसांसाठी काचेचे डोळे करायला सुरुवात केली. बाहुली आणि माणूस, दोघांचे डोळे एकाच गावात होत होते.

यात एक गोष्ट शिक्षिका म्हणून मला खुपली. ही कामं कारखान्यात जेवढी व्हायची तेवढीच घरोघरी व्हायची. एका घरात फक्त हात, दुसऱ्यात फक्त कपडे. पोरंसोरं रात्री दिव्याच्या उजेडात काम करायची आणि आठवड्याअखेर बायका पाठीवर मोठाल्या टोपल्या घेऊन माल झोनेबेर्गच्या व्यापाऱ्याकडे पोचवायच्या. ज्या पोरांच्या हातांखालून या हसऱ्या बाहुल्या जायच्या त्यांना स्वतःला खेळायला फुरसत नव्हती. संग्रहालयातल्या काचेपलीकडे हे एकदम लक्षात येत नाही.

१९१४ साली युद्ध लागलं आणि ब्रिटिश आरमाराने जर्मनीचा समुद्री व्यापार रोखला. अमेरिकेतल्या दुकानांना बाहुल्या हव्याच होत्या. काही तिथेच बनू लागल्या, लाकडाचा भुसा आणि सरस यांच्या लगद्याच्या. काही जपानने करून दिल्या. मोरिमुरा बंधूंसारख्या कंपन्यांनी १९१५पासून काही वर्षं जर्मन बाहुल्यांच्या हुबेहूब नकला बनवल्या. तिरके डोळेही त्यांनी उचलले. क्यूपी तर जपानला इतकी आवडली की १९२५ साली तिथे क्यूपी नावाचं मेयोनीज निघालं. ते आजही मिळतं, लेकीच्या फ्रिजमध्ये आहे. युद्धानंतर जर्मन कारखाने पुन्हा सुरू झाले. इटलीत तुरीन शहरात एलेना स्काविनी या बाईने १९१९मध्ये लेन्ची नावाने फेल्टच्या सुरेख बाहुल्या काढल्या. त्याही कोपऱ्यातून बघतात, पण त्यांच्या बघण्यात खट्याळपणापेक्षा नखरा जास्त.

आता ओळखायचं कसं? माझ्यासारखी कोणी हौशी असेल तर तिच्यासाठी मी वहीत उतरवलेल्या चार गोष्टी देते.

पहिली, त्या आजीबाईंनी सांगितलेली. पाठ बघा, मान बघा, केसांचा टोप असेल तर त्याच्या खाली बघा. कारखान्याची अक्षरं आणि साच्याचा आकडा तिथे कोरलेला असतो. आर्मांड मार्सेयचं 'ए. एम.' आणि ३२३ हा आकडा असेल तर ती त्यांची गाजलेली गुगली. केस्टनरचा २२१ हा साचा तर संग्राहकांच्या जिवाचा तुकडा, त्याला हजारो डॉलर मोजतात. क्यूपी असेल तर तळपायावर ओनील हे नाव कोरलेलं सापडतं.

दुसरी, देशाचं नाव. अमेरिकेने १८९०च्या कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावलं. म्हणून नुसतं 'जर्मनी' असेल तर बाहुली बहुधा १८९१च्या पुढची. जपानी मालावर आधी 'निप्पॉन' असायचं, १९२१पासून 'जपान' लिहावं लागलं. एका शब्दावरून वीस-तीस वर्षांचा फरक कळतो. आमच्या शिलालेखांत राजाच्या एका बिरुदावरून काळ ठरतो, तसंच.

तिसरी, खोटी कशी पकडायची. जुन्या बाहुलीवरून साचा काढून नवी बाहुली ओतली तर ती भट्टीत आकसते, म्हणून नक्कल मुळापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी लहान निघते. जुन्या मातीत भट्टीतले बारीक काळे ठिपके दिसतात, नवी माती फार गुळगुळीत आणि पांढरीफटक असते. प्रामाणिक नक्कलकार आपलं नाव आणि वर्ष मागे घालतात, सगळे प्रामाणिक नसतात एवढंच.

चौथी, तडा. डोकं पोकळ असेल तर आतून छोटी बॅटरी लावायची. केसाएवढी चीरसुद्धा रेघेसारखी उजळते. डागडुजी केलेली जागा साध्या प्रकाशात दिसत नाही, पण नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली वेगळी चमकते.

आणि एक नियम सगळी पुस्तकं सांगतात. बाहुलीच्या अंगावरचे मूळ कपडे काढू नका, बदलू नका, धुऊ नका. माझी पंचाईत तिथेच झाली. पाठ बघायची तर आत्याचे टाके उसवायला हवेत.

चार वर्षं मी ते केलं नाही. गेल्या पावसाळ्यात झग्याला कसर लागलेली दिसली. आता लोकर वाचवायची तरी टाके काढावेच लागणार होते. एका दुपारी चष्मा लावून, नखं कापायची छोटी कात्री घेऊन बसले. आत्याचा टाका काय सांगू! एका इंचात पंधरा-सोळा. आश्रमात शिकलेली शिवण. पाठीवरचे टाके निघाले, झगा उलगडला. खाली माती अगदी नवी असल्यासारखी. आणि पाठीवर चार ओळींत बारीक इंग्रजी अक्षरं. नातीला हाक मारली. तिने भिंग धरून वाचलं.

'मेड इन ऑक्युपाइड जपान.'

नातीने विचारलं, "आजी, म्हणजे काय गं?" मला मात्र ताबडतोब कळलं आणि मी पलंगावर बसून राहिले.

दुसऱ्या महायुद्धात जपानने शरणागती पत्करली ती १९४५च्या सप्टेंबरात. त्यानंतर देश अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता. २८ एप्रिल १९५२ला ताबा संपला. मधल्या काळात, १९४७ साली, परदेशांशी खाजगी व्यापार पुन्हा सुरू झाला तेव्हा बाहेर जाणाऱ्या मालावर 'व्याप्त जपानमध्ये बनवलेलं' असं लिहायचा नियम आला. १९४९च्या अखेरीनंतर नुसतं 'जपान' लिहिलं तरी चालू लागलं. म्हणजे ही अक्षरं ज्या वस्तूवर आहेत ती १९४७ ते १९५२ या पाच वर्षांतली. आधीची नाही, नंतरची नाही.

१९४७ साली माईआत्या एकतीस वर्षांची होती. आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

मंडळी, मी शाळेत मुलांना इतिहासाची साधनं शिकवायची. भौतिक, लिखित आणि मौखिक. मौखिक साधन पारखून घ्यायचं असतं, हे मी किती वर्षं फळ्यावर लिहिलं. आणि आमच्याच घरातलं मौखिक साधन मी सत्तर वर्षं जसंच्या तसं घेतलं.

पहिल्यांदा वाटलं, आत्याची खरी जर्मन बाहुली फुटली असेल आणि तिच्याजागी ही आली असेल. म्हणून थोरल्या दादांना फोन लावला. ते आता ८३ वर्षांचे आहेत. त्यांना पाठीवरच्या अक्षरांबद्दल काही सांगितलं नाही, नाहीतर साक्ष बिघडते. फक्त विचारलं, "दादा, माईआत्याची बाहुली तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलीत?" ते हसले. म्हणाले, "अगं, मी दुसरीत असताना बाळ्या आणि मी तिची पेटी चोरून उघडली होती. आत लाडू असतील असं वाटलं होतं. दोन पातळं, पुस्तकं आणि एक पासबुक. बाहुली नव्हती. बाहुली पुढे आली. ती एकदा मुंबईला गेली होती ना मावशीकडे, त्याच्यानंतर." मी विचारलं, "मग आजोबांनी आणली असं सगळे का म्हणायचे?" दादा थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "आत्याच म्हणायची. आणि आईसुद्धा तसंच म्हणायची."

दादा दुसरीत म्हणजे १९४९-५०. तेव्हा आत्या चौतीस वर्षांची. लाल आलवण नाही, पण पांढरं नाहीतर फिकट पातळ, कपाळ मोकळं, शाळेचा पगार बाबांच्या हातात द्यायची आणि त्यातले दोन-पाच रुपये परत मागून घ्यायची. अशी बाई मुंबईला गेली. दुकानात ही चार इंचाची बाहुली दिसली, तिरकी बघणारी, लाल बोची. जपानी माल आपल्याकडे युद्धाच्या आधीपासून स्वस्त म्हणून येतच होता, तेव्हा चार-सहा आण्यांची असेल. आत्याने ती घेतली. कोणा भाचीसाठी घेतली असती तर भाचीला दिली असती. तिने दिली नाही. पेटीत ठेवली.

आता चौतीस वर्षांच्या विधवेने स्वतःसाठी बाहुली घेतली असं वाईसारख्या गावात १९५० साली कोणाला सांगणार? हसले असते लोक. किंवा त्याहून वाईट, कीव केली असती. म्हणून ती बाहुली आजोबांनी आणलेली झाली, लहानपणची झाली, जर्मन झाली. वडिलांची आठवण म्हटल्यावर कोण काय बोलणार? आणि पाठीवरची अक्षरं कोणी वाचू नयेत म्हणून झगा अंगावर शिवला गेला. आत्याला इंग्रजी वाचता येत होतं. तिला माहीत होतं पाठीवर काय आहे ते.

आणि आई? आई नक्की जाणून असणार. ती या घरात आली १९४० साली, तिने आजोबांना पाहिलंही नव्हतं. पण तिने नणंदेची गोष्ट आम्हा मुलांना तशीच्या तशी सांगितली, एकदाही अडखळली नाही. त्या दोघींचं फारसं पटत नाही असं आम्ही समजून होतो.

मी दोन दिवस आत्यावर रागावले, खरं सांगते. आम्हाला खेळू दिलं नाही आणि वर खोटं सांगितलं म्हणून. मग राग गेला. आम्हाला का द्यावी तिने? ती तिची होती. आमच्या आत्याकडे स्वतःचं म्हणून काय होतं? शाळेच्या हजेरीपटावरचं नाव आणि ही बाहुली.

बाजारभावाचं म्हणाल तर 'ऑक्युपाइड जपान'च्या लहान बाहुल्या पैशापासरी मिळतात. झोनेबेर्गच्या काचेच्या कपाटात तिला जागा मिळणार नाही. तिची रंगरंगोटीही घाईघाईची, एक भुवई दुसरीपेक्षा वर गेलेली. युद्धात बेचिराख झालेल्या देशात कोणा बाईने किंवा पोरीने दिवसाला किती बाहुल्यांचे डोळे रंगवले असतील आणि त्यातला एक जोड मुंबईमार्गे वाईला आमच्या आत्याच्या पेटीत कसा आला, याचा विचार करत मी हल्ली संध्याकाळी तिच्याकडे बघत बसते. ती अर्थात माझ्याकडे बघत नाही.

झग्याची कसर काढली. लोकर कडुनिंबाच्या पाल्यात ठेवून, वाळवून, पुन्हा अंगात घातली. टाके मात्र मी परत घातले नाहीत. पाठीला दोन बटणं लावली. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

घरच्या मंडळींना आता सांगते. ही बाहुली पुढे माझ्या नातीकडे जाईल. तिच्याबरोबर मी एक चिठ्ठी ठेवणार आहे: 'ही बाहुली जपानमध्ये १९४७ ते १९५२च्या दरम्यान बनली. आमच्या माईआत्याने ती मुंबईत स्वतःसाठी विकत घेतली.' दुसरं वाक्य मी पुराव्याने सिद्ध करू शकत नाही, पण मला ते लिहायचं आहे. मुंबईच्या मावशीआजींच्या घरातल्या कोणाला त्या फेरीबद्दल काही ऐकल्याचं आठवत असेल, कोणतं साल होतं, आत्या कुठल्या बाजारात गेली होती, तर मला जरूर कळवा. दादांची साक्ष झाली, अजून एखादी हवी आहे.

आणि बाकीच्यांनी आपापल्या कपाटातल्या बाहुल्यांची पाठ एकदा बघून घ्या. बरं, फोन आता केला तरी चालेल.